दारावरचा ‘एक्स’ : आग्रा रोड, लस आणि आपला अविश्वास

2022च्या नोव्हेंबरात मुंबईच्या गोवंडीत गोवराने लहान मुले दगावू लागली. पाठोपाठ भिवंडी आणि मालेगावची नावे बातम्यांत आली. दोन-तीन दिवसांतच चॅनलांवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर निकाल लागून गेला होता : मुसलमान लस घेत नाहीत, दुसरे काय होणार! नकाशा उघडून पाहिला तर भिवंडी आणि मालेगाव ही दोन्ही गावे एकाच रस्त्यावर आहेत, जुन्या मुंबई-आग्रा रोडवर. त्या दोघांच्या मध्ये, थळ घाट चढून वर आले की, आमचे इगतपुरी.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. वीसेक वर्षांपासून गावातल्या एका सेवा क्लबाबरोबर लसीकरणाच्या दिवशी स्वयंसेवक म्हणून दारोदार फिरते. त्यामुळे हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी ऐकावा लागतो. क्लबातली मंडळी अदबीने विचारतात, “मॅडम, तुमच्या लोकांना नेमकी अडचण काय आहे?” मोहल्ल्यातल्या बाया विचारतात, “बाजी, ये लोग हमारे ही पीछे क्यों पडे हैं?” पहिल्या प्रश्नातले ‘तुमच्या लोकांना’ आणि दुसऱ्यातले ‘ये लोग’ हे दोन्ही शब्द मला खटकतात. पण दोन्ही प्रश्न खोटे नाहीत. त्यांचे उत्तर शोधायला सव्वाशे वर्षे मागे जावे लागते, आणि गंमत म्हणजे याच रस्त्याने जावे लागते.

1857च्या उठावानंतर आणि विलायती कापडाने हातमाग बसल्यावर मऊ, मुबारकपूर, आझमगड या भागांतले मोमीन विणकर घरदार सोडून दक्षिणेकडे निघाले. आग्रा रोड त्यांच्या पायाखालचा. कोणी बुऱ्हाणपुरात थांबले, कोणी धुळ्यात, बरेचसे मालेगावात. काही घाट उतरून भिवंडीला गेले आणि काही थेट मुंबईत मदनपुऱ्यात. तेव्हा त्यांना ‘जुलाहा’ म्हणत. माग चालवायचा, मजुरी घ्यायची, पोरे वाढवायची, एवढ्याशीच मतलब असलेली ही माणसे. 1898मध्ये मुंबई सरकारला त्यांची दखल घ्यावी लागली.

सप्टेंबर 1896मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला. पुढच्या फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला, तोच 1897चा कायदा जो 2020मध्ये करोनाच्या वेळी आपल्यावर पुन्हा लावला गेला. प्लेग कमिटी बसली, तिचा प्रमुख लष्करातला अधिकारी, ब्रिगेडियर गॅटेकर. घरोघर झडत्या, रुग्णाला उचलून इस्पितळात, घरातल्यांना सेग्रिगेशन कॅम्पात, सामान जाळायला. कल्याण स्टेशनवर उतारूंना फलाटावर उभे करून काखेत आणि जांघेत गाठी तपासत, बायकांनाही. पुण्यात हेच काम गोऱ्या सोल्जरांकडून करून घेतले. त्याचा शेवट 22 जून 1897च्या रात्री रँडच्या खुनात झाला, हे आपण शाळेत शिकतो आणि शिकवतो. चाफेकर बंधूंचा धडा पुस्तकात आहे. मदनपुऱ्याचा नाही.

9 मार्च 1898 रोजी प्लेगची झडती घेणारे पथक मदनपुऱ्यातल्या एका जुलाह्याच्या घरी गेले. घरात बारा-एक वर्षांची मुलगी तापाने पडली होती. घरच्यांनी तिला तपासू दिले नाही. पथक हटेना, गल्ली जमली, दगड सुरू झाले, पोलिसांनी गोळीबार केला. दंगल शहरभर पसरली. पुढचे काही दिवस गोदीतले मजूर आणि बैलगाडीवाले कामावर गेले नाहीत, आणि त्यात हिंदूही होते, मुसलमानही. तरीही त्या काळच्या इंग्रजी कागदांत या प्रकरणाचे कारण ‘अडाणी जुलाह्यांचे धर्मवेड’ असे रंगवले गेले. पुण्यात झाले ते ‘राजकीय असंतोष’, मदनपुऱ्यात झाले ते ‘धर्मवेड’. घटना एकाच साथीतल्या, सक्ती एकाच तऱ्हेची, माणसाचा राग एकाच गोष्टीचा, की परका पुरुष घरात शिरून आमच्या आयाबहिणींना हात लावतो. नाव मात्र दोन वेगळी पडली. 2022च्या बातम्या पाहताना मला हे आठवले नसते तर नवल.

पण त्याच मुंबईत, त्याच साथीत, दुसरीही एक गोष्ट घडत होती. वाल्डेमार हाफकिन नावाचा रशियन ज्यू शास्त्रज्ञ ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत प्लेगची लस तयार करत होता. 10 जानेवारी 1897 रोजी त्याने ती आधी स्वतःला टोचून घेतली. लस तयार झाली तरी घेणार कोण? ‘सुईतून सरकार रक्त नासवते’, ‘इस्पितळात माणसाचे तेल काढतात’ अशा वावड्या शहरभर होत्या, आणि त्या सर्व जातिधर्मांत होत्या. तेव्हा खोजांचे इमाम, तिसरे आगाखान सुलतान मोहम्मद शाह, वय अवघे एकोणीस, पुढे आले. त्यांनी आपला ‘खुश्रू लॉज’ हा बंगला हाफकिनच्या प्रयोगशाळेला दिला आणि आपल्या अनुयायांसमोर सुई टोचून घेतली. एकदा नव्हे, अनेकदा. त्यानंतर हजारो खोजांनी लस घेतली. मदनपुऱ्यातल्या गोळीबाराने जे झाले नाही ते एका ओळखीच्या माणसाच्या उघड्या दंडाने झाले. आज परळला जी हाफकिन संस्था आहे तिचा जन्म या गोंधळातला आहे.

दंगलीनंतर सरकारही जरा शहाणे झाले. झडत्यांची सक्ती सैल झाली. खोजा, मेमन, पारशी, हिंदू अशा अनेक जमातींची आपापली प्लेग इस्पितळे चालली, तिथे आपापल्या चालीरीतीने रुग्णाची देखभाल होई. पुण्याजवळ हडपसरच्या माळावर डॉ. यशवंतराव फुले यांच्या दवाखान्यात सावित्रीबाई स्वतः रुग्ण आणत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन आल्या आणि 10 मार्च 1897 रोजी त्याच रोगाने गेल्या. सेवा म्हणजे काय हे सांगायला मला विलायतेतले दाखले लागत नाहीत ते यामुळे.

मात्र ‘सेवा क्लब’ हा प्रकार विलायतेतलाच. रोटरी 1905मध्ये शिकागोत सुरू झाली. योगायोग असा की त्याच वर्षी पुण्यात गोखल्यांनी भारत सेवक समाज काढला. एकीकडे व्यापारी-वकिलांचा आठवड्याला एकत्र जेवणारा क्लब, दुसरीकडे आयुष्य वाहून घेतलेले कार्यकर्ते. मुंबईत रोटरी 1929मध्ये आली, लायन्स 1956मध्ये. हळूहळू तालुक्याच्या गावीही असे क्लब झाले : डॉक्टर, दुकानदार, वकील, घोटीचे भातगिरणीवाले, निवृत्त रेल्वेवाले. नेत्रशिबिर, रक्तदान, वह्यावाटप. बॅनर नेहमी कामापेक्षा दोन फूट मोठा. हे मी प्रेमाने म्हणते. बायकांना मात्र या क्लबांची दारे उशिरा उघडली. रोटरीने जगभर महिलांना सभासद करून घ्यायचे ठरवले ते 1989मध्ये. त्याआधी आम्ही ‘सभासदांच्या सौभाग्यवती’ म्हणून हळदीकुंकवापुरत्या. त्यात मुसलमान बाई म्हणजे दोनदा पाहुणी.

या क्लबांच्या इतिहासातले सर्वात मोठे काम पोलिओचे. रोटरीने 1985मध्ये पोलिओचे जगभरचे काम हाती घेतले. 1988मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ठराव केला तेव्हा सव्वाशे देशांत पोलिओ होता आणि वर्षाला साडेतीन लाख मुले पांगळी होत होती. भारतात 9 डिसेंबर 1995 रोजी पहिला देशव्यापी पल्स पोलिओ दिवस झाला. त्या वर्षी तीन वर्षांखालची मुले, पुढे पाच वर्षांखालची. रविवारी बूथ, आणि नंतरच्या दिवसांत राहिलेल्या मुलांसाठी घरोघर. डाव्या हाताच्या करंगळीवर मार्करने खूण. ज्या घरातली सगळी मुले झाली त्या दारावर खडूने ‘पी’, एखादे जरी राहिले तर ‘एक्स’. सर्वांना दिसेल असा.

हा ‘एक्स’ ज्याने ठरवला त्याच्या मनात वाईट काही नसणार. पथकाला पुन्हा कुठे यायचे ते कळावे, इतकेच. पण आमच्या मोहल्ल्यात दारावर खडूची खूण ही साधी गोष्ट नव्हती. आधी 1992-93 होऊन गेले होते. कुणाचे दार कोणते हे बाहेरच्याने लिहून ठेवणे म्हणजे काय, हे टीव्हीवर आणि मुंबईहून पळून आलेल्या नातेवाइकांच्या तोंडून लोकांनी ऐकले होते. काही बायका पथक वळले की पदराने ‘एक्स’ पुसून टाकत. वरिष्ठांच्या कागदावर त्याची नोंद ‘असहकार’ अशी होई.

त्याहूनही जुनी आठवण आणीबाणीची. 1976-77 या एका वर्षात देशात सुमारे 83 लाख नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या, त्यातली 62 लाख माणसे पुरुष. तुर्कमान गेट आणि मुझफ्फरनगर सर्वांना माहीत आहेत. पण महाराष्ट्रही मागे नव्हता. बार्शीत बाजाराला आलेल्या शेतकऱ्यांना धरून नेल्याचे प्रकार झाले, आणि ते काही फक्त मुसलमान नव्हते. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक विधिमंडळात मंजूर करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झाले नाही, एवढेच. आणि ‘केसेस’ आणायचे उद्दिष्ट कुणाला दिले होते? तलाठी, ग्रामसेवक, आणि शाळामास्तर. पगार अडकायचा. माझ्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंचे वडील मास्तर होते. दोन महिने पगार थांबल्यावर त्यांनी शेवटी स्वतःच्याच धाकट्या भावाला नेले, आणि त्या भावाने मरेपर्यंत त्यांच्या घरचे पाणी घेतले नाही.

आता पुढे पंचवीस वर्षांनी त्याच सरकारचा मास्तर आणि तीच नर्सबाई दार वाजवून म्हणते, तुझ्या पोराला दोन थेंब पाजते, फुकट आहे, पुन्हा पुढच्या महिन्यात येईन. ज्या घरात हिवतापाच्या गोळीसाठी रांग लावावी लागते त्या घरी सरकार स्वतःहून पुन्हा पुन्हा येते! आईच्या मनात येणारच, की माझ्या पोराच्या पायांची यांना एवढी काळजी कधीपासून? ‘हे थेंब पाजले की मुलगा मोठेपणी बाप होणार नाही’ ही अफवा खोटी होती. पण ती हवेतून आली नव्हती. ती 1976च्या अनुभवाची पोर होती.

मी या कामात आले ते 2003 साली, बी.एड.ची तयारी करत असताना. आदल्या वर्षी देशात 1,600 मुलांना पोलिओ झाला होता, तीन-चतुर्थांशाहून अधिक उत्तर प्रदेशात, आणि त्यात मुसलमान मुलांचे प्रमाण लोकसंख्येतल्या वाट्याच्या कितीतरी वर. तिथून सुटलेला विषाणू मजुरांच्या कुटुंबांबरोबर रेल्वेने इतर राज्यांत जाई. इगतपुरी तेव्हा इंजिन बदलण्याचे स्टेशन. मुंबईकडची वीज डीसी, पुढची एसी. त्यामुळे वाराणसीहून येणारी महानगरी असो की कामायनी, प्रत्येक गाडी इथे थांबायचीच. इंजिन निघून दुसरे लागेपर्यंत मिळणाऱ्या त्या वेळात जनरल डब्यातल्या मुलांना डोस पाजायचे, असे क्लबाने आरोग्य खात्याशी ठरवले. क्लबाकडे माणसे होती, पण बिहार-यूपीच्या बायकांशी बोलणारी कुणी नव्हती. अब्बांच्या ओळखीच्या एका सभासदाने विचारले, “तुमची मुलगी येईल का?” अब्बा रेल्वेत होते, फलाट आमच्या अंगणासारखा. मी गेले.

जानेवारीतले इगतपुरीचे धुके, हातात निळा लसीचा डबा, आत बर्फाच्या पिशव्या, आणि डब्याच्या खिडकीतून एकमेकांच्या खांद्यांवरून डोकावणारी तोंडे. मराठीत ‘बाळाला खाली घ्या’ म्हटले तर कुणी हलत नसे. मी सलाम करून कुठून आलात विचारले की आधी गाव निघे, मग घाटाचा गारठा, मग पोर खिडकीतून माझ्या हातात. एकदा एका म्हाताऱ्या बाईने नातवाला देण्याआधी मला विचारले, “तुमने अपने घर के बच्चों को पिलाया?” माझ्या भावाच्या मुलीला आदल्याच रविवारी पाजले होते. तिची करंगळी दाखवायला ती तिथे नव्हती, पण मी सांगितले आणि तिने ऐकले. आगाखानांनी दंड उघडा केला ते मी तोपर्यंत वाचलेले नव्हते. नंतर वाचले तेव्हा ती म्हातारी आठवली.

गाडीतले काम तसे सोपे. माणूस प्रवासात असला की त्याचा अविश्वासही अर्धा घरी राहिलेला असतो. खरे काम मोहल्ल्यात आणि तालुक्यातल्या वीटभट्ट्यांवर. इथे ‘नकार’ या एका शब्दाखाली किती वेगवेगळ्या गोष्टी होत्या हे मला दारात उभी राहिल्यावर कळले. एका घरात पुरुष कामाला गेलेला आणि बाईला त्याच्या माघारी हो म्हणायची सोय नाही. दुसऱ्या घरी मूल तापाने फणफणलेले, आणि त्याला औषध मागितले तर पथकाकडे फक्त थेंब. तिसरीकडे सासू म्हणाली, “गटर साफ करवाओ, फिर पिलाओ.” तिचे काय चुकले? पोलिओचा विषाणू विष्ठेतून, पाण्यातून पसरतो. तिने कुठल्याही पुस्तकाशिवाय रोगाच्या मुळावर बोट ठेवले होते. आमच्या क्लबाचे एक मोठे काम असे की त्या गल्लीची गटार उपसून घेण्यासाठी दोन सभासदांनी नगरपालिकेत खेटे घातले. ती उपसली गेल्यावर त्या गल्लीतले ‘एक्स’ आपोआप कमी झाले. अहवालात हे कुठे लिहायचे? ‘गटार’ असा रकाना त्यात नव्हता.

आणखी एक नकार होता, त्याला तर विज्ञानानेच नंतर दुजोरा दिला. उत्तर प्रदेशातून आलेल्या काही आया सांगत, आमच्याकडे आठ-आठ, दहा-दहा वेळा पाजूनही मूल लंगडे झाले. आम्हाला शिकवलेले उत्तर होते की डोस चुकले असतील. 2006मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात भारतातल्या रुग्णांचा अभ्यास छापून आला. त्यानुसार त्या काळच्या तिहेरी लसीचा एक डोस टाइप-1 पोलिओपासून उत्तर प्रदेशात जेमतेम 9 टक्के संरक्षण देत होता, उर्वरित भारतात 21 टक्के. दाट वस्ती, सततची हगवण, पोटात आधीच इतर विषाणू, यामुळे थेंब टिकत नव्हते. म्हणजे त्या बाया खरे बोलत होत्या. मुसलमान मुलांमध्ये पोलिओ जास्त का, याचे अर्धे उत्तर ‘नकार’ नव्हतेच. ती मुले सर्वात गलिच्छ पाण्याजवळ राहत होती, हे होते. पुढे एकेका प्रकारावर जास्त परिणामकारक लसी आल्या आणि 2010पासून दुहेरी लस, तेव्हा चित्र पालटले. ही माहिती जितकी पसरायला हवी होती तितकी पसरली नाही. ‘मौलानांनी समजूत घातली आणि मुसलमान सुधारले’ ही गोष्ट सांगायला जास्त सोपी आहे.

मौलानांचा वाटा मी नाकारत नाही. उत्तर प्रदेशात रोटरीने उलेमांची समिती केली, अलीगड मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिल्लिया, हमदर्द यांची माणसे पथकांबरोबर गेली, मशिदींच्या लाऊडस्पीकरवरून ‘आज डोस आहे’ असे पुकारले गेले. आमच्याकडेही जुम्याच्या दिवशी इमामसाहेबांनी अम्वासच्या ताऊनची हकीकत सांगितली : इसवी सन 639च्या सुमारास शाममध्ये साथ पसरल्याचे कळताच हजरत उमर (रजि.) वाटेतूनच माघारी फिरले. अल्लाहच्या तकदीरीपासून पळता का, असे कुणी विचारले तेव्हा त्यांचे म्हणणे असे होते की मागे फिरणेही त्याच तकदीरीत आहे. ऐकणाऱ्यांवर परिणाम झाला. पण मशिदीत पुरुष ऐकतात आणि दार बाई उघडते. उत्तर प्रदेशात युनिसेफने मोहल्ल्यातल्याच हजारो बायकांना थोड्या मानधनावर या कामात घेतले आणि काम त्यांनी केले. त्यांची नावे कुठल्या शिलालेखावर नाहीत.

माझ्यावरही बोलणी आली. मशिदीच्या कट्ट्यावर कुणीतरी म्हणाले, “क्लबवाल्यांची पोरगी झाली. आपल्यात कमी गरीब आहेत का सेवा करायला?” झकात, खैरात आपल्या माणसांसाठी, आणि क्लबाचे काम म्हणजे बड्या लोकांचा शौक, असा एक हिशेब आपल्यात आहे. तो पूर्ण चुकीचाही नाही, कारण अंजुमने आणि जमातींनी आपल्यासाठी शाळा-इस्पितळे काढली नसती तर कुणी काढली नसती. 1874मध्ये बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम काढली नसती तर माझ्यासारख्या उर्दूच्या शिक्षिकेला वर्ग मिळाला नसता. पण विषाणूला जमात नसते. ठाकरवाडीतले मूल राहिले तर मोहल्ल्यातले धोक्यात आणि मोहल्ल्यातले राहिले तर बाजारपेठेतले. म्हणून मी इतर वस्त्यांतही जाते. कातकरी पाड्यावरची बाईही मला पाहून पोर घेऊन आत जाते, तिच्या लेखी मीही सरकारच. तिथे मला आत नेणारी तिच्याच पाड्यावरची अंगणवाडीची मदतनीस असते. मोहल्ल्यात जे काम मी करते ते पाड्यावर ती करते. जामीन राहण्याचे.

क्लबाने या सगळ्यात नेमके काय दिले? गाडी, चहा-नाश्ता, टोप्या, रिक्षावरचा भोंगा. हे दिसणारे. न दिसणारे असे की क्लब सरकार नव्हता आणि जमातही नव्हता. सरकारच्या माणसाला उद्दिष्ट असते आणि जमातीच्या माणसाला इभ्रत. क्लबाचा माणूस रविवारची झोप मोडून आला आहे, त्याला यातून पगार नाही, हे लोकांना दिसते. पाचव्यांदा तोच माणूस दारात दिसला की बाई म्हणते, “आ जाओ, चाय पियो.” पहिल्या भेटीत नाही मिळत हे.

2009मध्ये देशात 741 रुग्ण होते, 2010मध्ये 42. त्या 42मध्ये महाराष्ट्रातली मुले होती, मालेगावातलीही. आमच्याच जिल्ह्यात, आमच्याच रस्त्यावर. तेव्हा नाशिकहून, इतर तालुक्यांतून माणसे तिकडे गेली. 13 जानेवारी 2011 रोजी हावड्याजवळच्या एका दोन वर्षांच्या मुलीला पोलिओ झाला, आणि ती भारतातली शेवटची रुग्ण ठरली. 27 मार्च 2014 रोजी भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. ज्यांना ‘अडाणी’ आणि ‘असहकारी’ म्हटले गेले त्याच वस्त्यांनी डोस घेतल्याशिवाय हे होणे शक्य नव्हते, हे त्या दिवशी कुणी बोलल्याचे मला आठवत नाही.

शेजारी पाकिस्तानात मात्र पोलिओ अजून आहे. तिथल्या अविश्वासाची कारणे अनेक, पण एक कारण सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखे. 2011मध्ये ओसामा बिन लादेनचा माग काढण्यासाठी अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेने अबोटाबादमध्ये हिपॅटायटिस लसीकरणाचा बनाव रचला. ते उघडकीला आले. 2012च्या डिसेंबरपासून तिथे पोलिओचे डोस पाजणाऱ्या कार्यकर्त्यांचे खून पडू लागले, त्यातल्या कितीतरी गरीब घरच्या मुली होत्या. गुप्तहेरांनी खोटी लस वापरली आणि किंमत दिली डबा घेऊन दारात उभ्या असलेल्या बाईने. मारेकऱ्यांना माफी नाहीच. पण विश्वास हा काही एका खात्याचा माल नाही, एकाने उधळला की दुसऱ्याच्या हातातूनही जातो.

आपल्याकडेही पोलिओनंतर तो पुन्हा उधळला गेला, यावेळी मोबाइलमुळे. 27 नोव्हेंबर 2018 रोजी महाराष्ट्रात गोवर-रुबेला मोहीम सुरू झाली, नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या सर्व मुलांसाठी, शाळाशाळांतून. आदल्या आठवड्यात व्हिडिओ फिरू लागले : ही सुई मुलींना वांझ करते, शाळेत मुले बेशुद्ध पडली, हे सगळे आपली संख्या कमी करायला. 1976 पुन्हा, आता व्हॉट्सअ‍ॅपवर. अनेक उर्दू शाळांत पालकांनी त्या दिवशी मुलांना घरीच ठेवले. माझ्या ओळखीच्या एका शाळेत निम्मे वर्ग रिकामे होते. संमतिपत्र मराठीत आले होते, लस कशाची, कुणाला, नंतर ताप आला तर काय, हे सांगणारी एक ओळही उर्दूत नव्हती. तेवढे भाषांतर आम्ही दोघी-तिघी शिक्षिकांनी रात्री बसून केले, क्लबाने छापून दिले, आणि आम्ही शाळेच्या फाटकात उभ्या राहून प्रत्येक आईला वाचून दाखवले. त्यांतल्या एका आईने माझ्या हातातला कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, “पहले ये क्यों नहीं दिया?” दुसऱ्या दिवशी तिची दोन्ही मुले रांगेत होती.

2020-21मध्ये करोनाने नेहमीचे लसीकरण विस्कटले. नर्सबाई करोनाच्या ड्यूटीवर, लोक गावी परतलेले, बाळांचे कार्ड हरवलेले. त्याच बाळांना 2022मध्ये गोवराने गाठले. गोवंडीत, देवनारच्या कचराडेपोच्या शेजारी, एका खोलीत सहा-आठ माणसे. गोवरासारखा झपाट्याने पसरणारा रोग अशा खोलीत शिरला की तो नकार आणि होकार विचारत बसत नाही. आमच्याकडे त्या डिसेंबरात आम्ही मोहल्ल्याची आणि आसपासच्या वाड्यांची यादी केली. ज्यांचा डोस राहिला होता त्यांतल्या बहुतेकांचा पहिला डोस झालेला होता, दुसरा राहिला होता. पहिला नऊ ते बारा महिन्यांत देतात, तेव्हा आई बाळाला घेऊन दवाखान्यात जातच असते. दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. तोवर मूल चालायला लागलेले असते, आई पुन्हा मजुरीला किंवा पुढच्या बाळंतपणाला, आणि कार्ड ट्रंकेत तळाशी. यात धर्म कुठे आहे?

त्यामुळे यंदापासून आम्ही ‘नकार’ असा रकाना वहीतून काढून टाकला. त्याऐवजी चार ओळी मोकळ्या ठेवल्या, बाई जे सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहायला. दारावर खडू वापरत नाही. ज्या घरी मूल राहिले असेल त्या घरचा मोबाइल नंबर घेतो आणि दुपारी दोननंतर, भांडी आटोपली की, फोन करतो. या महिन्याच्या यादीत सत्तावीस मुले आहेत : अकरा मोहल्ल्यातली, नऊ ठाकरवाडीतली, बाकीची रेल्वे लाइनीपलीकडच्या चाळीतली आणि एका वीटभट्टीवरची. भट्टीवाले पाऊस लागायच्या आत गावी निघतील, म्हणून आधी तिकडे जायचे आहे. भिवंडी किंवा मालेगावला कुणी वाचक हे काम करत असतील तर उर्दू माहितीपत्रक माझ्याकडे तयार आहे, निरोप पाठवावा.